कोणाच्या दंडावरून

रायबंदरच्या ग्रंथालयात दुपारी साडेतीनला
निर्जंतुक असं काहीच नसतं.
वाळवीची पावडर, नदीवरून येणारा ओलावा,
डॉमिंगोसनं बांधणीसाठी शिजवलेली खळ,
मोरचूद घातलेली, तरी झुरळं तिच्यावर जीव टाकतात.

दारावर लिहिलंय : वैद्यकाचा इतिहास.
आत मुख्यतः हिशेब आहेत.
किती खाटा, किती चादरी, क्विनाइनच्या किती पुड्या,
आजाऱ्यांच्या रश्श्याला किती कोंबड्या.
मरण एका ओळीत आटपतं, कोंबड्यांना तीन ओळी.

चारशे बाराव्या क्रमांकाला लसीची वही.
पोर्तुगीज कारकुनाचं उजवीकडे कललेलं अक्षर.
मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव, फोड धरला की नाही,
आणि समासाला चिकटून एक अरुंद रकाना,
जो कळायला मला तीन आठवडे लागले :
कोणाच्या दंडावरून.

बर्फ नव्हता. कुपीतली लस उन्हानं मरायची.
ती जगायची फक्त पोरांत, आठेक दिवस.
एकाचा फोड भरला की सुईनं टिपायचा
आणि दुसऱ्याच्या दंडात.
म्हणून पोरांनाच न्यायचे गावोगाव, होडीत बसवून,
पिकत आलेला दंड ओल्या फडक्यानं झाकून.

आपल्याकडे रोगालाही देवी म्हणतात, टोचण्यालाही.
देवी आल्या. देवी काढल्या.
कारकुनाला हे कुणी सांगितलं नसावं.

बत्तीस : पुर्सो, गावड्याचा, चोडण.
त्याच्यावरून तेहेतीस : पिएदाद, दिवाडीच्या भाटकाराची नात.
तिच्यावरून चौतीस : सुक्डो. बाप : लिहिलेला नाही.
पस्तीस : नार्व्याच्या भटाचा धाकटा, अनंत.
याच्यापुढचा रकाना खरवडलाय.

चाकूनं, घाई न करता.
कागद इतका पातळ की खिडकीशी धरला
तर पाठीमागच्या पानावरची बेरीज दिसते.
एका अक्षराची वरची वेलांटी तेवढी राहून गेलीय,
पोर्तुगीज एसची.
काय दिलं असेल भटानं? पायलीभर तांदूळ? एक घड केळी?
आणि छत्तिसापुढे स्वच्छ लिहिलंय, पस्तिसावरून,
सदतिसापुढे छत्तिसावरून,
असं थेट पिळगावपर्यंत, एकशे नऊपर्यंत.
नाव खरवडता आलं.
फोडाला मात्र नख लावायचं नाही, अशी सक्त सूचना
त्याच वहीच्या पहिल्या पानावर आहे.

जोव्हिता येते दर बुधवारी, मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाची.
माझी बाही वर सरकली तेव्हा म्हणाली,
मॅडम, हे काय, भाजलं होतं?
दुसरीत असताना, शाळेच्या व्हरांड्यात, म्हटलं.
तिनं बोट फिरवलं त्या खळग्यावरून,
पुस्तकातलं चित्र पहिल्यांदा खरं निघावं तसं.
मग विचारलं : तुमची कोणाच्या दंडावरून?
वासराच्या, म्हटलं.
कुठल्या गावचं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.
हसलो दोघी. वाचनकक्षात हसायला मनाई आहे.

कार्डावर लिहायचं : नोंद अस्पष्ट. तसा नियम आहे.
मी पेन्सिलीनं 'चौतीस' लिहिलं,
खोडलं, पुन्हा लिहिलं.
डॉमिंगोस पान उजेडाला धरून उभा.
"फाटल्यान बारीक कागद लायतां गो, ना जाल्यार फुटतलें."
लाव म्हटलं. पण ती वेलांटी झाकू नकोस.

त्याच वर्षाची खर्चाची वही मी मागाहून काढली,
उगाच, पाच वाजत आले असताना.
सापडला पुर्सो तिथंही.
जेवण, एक वेळ.
फडकं, एक.
चोडणहून दिवाडीला होडी, एक मूल.
खाली बघितलं, पुढच्या पानावर बघितलं,
त्या महिन्याच्या शेवटापर्यंत बघितलं.
जायची होडी लिहिली आहे.
यायची नाही.